थंड मुलखाचें ओझें

प्रवास करणें सोपें, प्रवासाचें सामान बांधणें कठीण; आणि उष्ण गांवांत बसून थंड मुलखासाठीं सामान बांधणें सर्वांत कठीण. हा सिद्धान्त आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत सांपडला नाहीं. तो आमच्या घरांत दर दोन-तीन वर्षांनीं आपोआप सिद्ध होतो.

यंदाच्या वैशाखांत औरंगपुऱ्यांतील आमच्या घरीं तो पुन्हा सिद्ध झाला. बाहेर रस्ता तव्यासारखा तापला होता. भाजीमंडईंतल्या बाया ओल्या गोणपाटाखालीं मेथी-कोथिंबीर झांकून बसल्या होत्या. आणि घरांत पंख्याखालीं आम्ही आठ माणसें लोंकरीचे कपडे पसरून बसलों होतों. केदारनाथ व तुंगनाथाकडील डोंगरांत मुलांमाणसांसह दहा दिवस काढावयाचे, त्यांतले चार तंबूंत, असा बेत होता. ज्या कपड्यांकडे नुसतें पाहिल्यानें घाम फुटावा, ते हातांत घेऊन ‘हें न्यावें कीं ठेवावें’ हें ठरवावयाचें होतें. न्यायाधीशच उकाड्यानें बेजार झालेला. तेव्हां निकाल काय लागणार हें उघड आहे. एकेक स्वेटर पेटींतून बाहेर येत होता आणि त्याच्या जागीं चिवड्याचा, लाडवांचा, मेतकुटाचा डबा जात होता. इतक्यांत आमच्या मातुःश्रींनीं माळ्यावरून एक जुनी काळी घोंगडी काढून आणली आणि कांहीं न बोलतां ती सामानाच्या ढिगावर ठेवली. तिच्याविषयीं पुढें सांगूं.

सामान बांधणें हें काम घरगुती आहे, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याला सहसा जागा मिळत नाहीं. तेथें तहनामे असतात, मोहिमा असतात, जय-पराजय असतात. परंतु मोहीम म्हटली तरी तीहि शेवटीं माणसांनीं पेट्या भरून, पडशा बांधून केलेला प्रवासच होय. आणि पडशींत काय गेलें व काय राहिलें यावर पुष्कळदां तहनाम्यांतील कलमांहून अधिक अवलंबून असतें. आमच्या या नगराचा व आसपासच्या मुलखाचा अशा दोन मोठ्या प्रवासांशीं संबंध आहे. दोन्हीं प्रवास उत्तरेकडच्या थंडींत झाले, दोहोंतहि बायकामाणसें बरोबर होतीं. पहिल्याचा संबंध नगराच्या नांवापुरता, दुसऱ्याचा मात्र अगदीं जवळचा.

मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेलें खडकी हें गांव त्याच्या मुलाच्या वेळीं फत्तेनगर झालें. १६५३ सालीं दक्षिणेच्या सुभेदारीवर असतांना शहाजादा औरंगजेबानें त्यास औरंगाबाद हें नांव दिलें. आणि २०२३ सालीं तें छत्रपती संभाजीनगर झालें. नगराचे बावन्न पुरे सांगतात. त्यांपैकीं आमच्या पुऱ्याच्या नांवांत ‘औरंग’ अजून राहिलें आहे. दक्षिणेंतील सुभेदारी सोडून तख्तासाठीं उत्तरेस गेलेला हा शहाजादा बादशहा झाल्यावर १६६२ सालीं फार आजारी पडला. दुखण्यांतून उठल्यावर हवापालटासाठीं काश्मिरास जावें असें ठरलें; बहीण रोशनआरा बेगम हिचाहि त्याविषयीं आग्रह होता. म्हणजे आजच्या भाषेंत हा सहकुटुंब उन्हाळी प्रवासच. दरबारी तवारिखांप्रमाणें ही स्वारी १६६२-६३ ची. फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्याच्या छापील पत्रांवर मात्र १६६४-६५ हे सन पडलेले आहेत. तारखांचा हा घोळ बाजूस ठेवला तरी हकीकत बर्नियेची आहे, आणि ती प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची आहे.

बर्निये हा दानिशमंद खान या उमरावाच्या पदरीं होता. त्यानें आपल्या देशांतील मित्रास लिहिलेल्या पत्रांत निघण्यापूर्वींच्या तयारीची जी यादी दिली आहे, ती वाचून आम्हांस फार आनंद झाला. दोन चांगले तुर्की घोडे, एक दणकट इराणी उंट, उंटवाला, मोतद्दार, स्वयंपाकी, आणि घोड्यापुढें पाण्याची सुरई घेऊन चालणारा एक चाकर. सामानांत बेताचा एक तंबू, एक सतरंजी, चार हलक्या पण मजबूत वेळूंची घडीची खाट, उशी, आणि दोन रजया, त्यांतली एक चौघडी करून गादीसारखी अंथरावयाची. जेवायला बसण्यासाठीं गोल कातडी दस्तरखान. स्वयंपाकाच्या भांड्यांच्या तीन लहान पिशव्या एका मोठ्या पिशवींत, आणि ती मोठी पिशवी चामड्याच्या वाद्यांनीं विणलेल्या एका प्रचंड दुहेरी थैल्यांत. त्याच थैल्यांत धन्याचे व चाकरांचे कपडे. पांच-सहा दिवस पुरतील इतके उत्तम तांदूळ, बडीशेप घातलेलीं गोड बिस्किटें, लिंबें आणि साखर. शेवटीं तो म्हणतो कीं दहीं टांगून त्यांतलें पाणी गाळण्यासाठीं लोखंडी आंकडा लावलेली कापडी पिशवी न्यावयासहि आपण विसरलों नाहीं!

ही दुहेरी थैली म्हणजे आपली पडशी, आणि ती पिशवी म्हणजे आपल्या घरोघरीं खुंटीला लोंबणारें चक्क्याचें फडकें. पॅरिसकडचा वैद्य दिल्लीहून काश्मिरास निघतांना चक्क्याचें फडकें विसरत नाहीं, हें वाचून आमच्या मातुःश्रींस बर्नियेविषयीं एकदम आदर वाटूं लागला. पण त्याच यादीकडे दुसऱ्या दृष्टीनें पाहिलें तर तिच्यांत एक गंमत दिसते. लिंबाचें सरबत आणि दहीं या गोष्टी कोणत्या ऋतूच्या? उन्हाळ्याच्या. बर्निये निघाला डिसेंबरांत, जाणार होता हिमाच्या डोंगरांत. परंतु त्याच्या यादींतील खाण्यापिण्याचे जिन्नस सारे तहान भागविणारे आहेत. थंडीसाठीं त्या यादींत दोन रजयांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. हिंदुस्थानांत कांहीं वर्षें काढल्यानें त्या थंड देशाच्या माणसाचेंहि शरीर उष्ण देशाचें झालें होतें, आणि पडशी बांधतांना शरीरच बोलत होतें. त्यांत त्याची चूकहि नव्हती. कारण लाहोर सोडून भिंबरच्या पायथ्यापर्यंत जातांना त्याला उन्हानें असें भाजून काढलें कीं आपण जगतों कीं नाहीं असें त्यास झालें.

बादशहाच्या तयारीचें मान अर्थात् निराळें होतें. त्याच्या तंबूंचे दोन पूर्ण संच होते. एकांत मुक्काम असतांना दुसरा पुढच्या मजलेवर जाऊन उभा राहावयाचा. अशा एका पेशखान्याला ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरें आणि १०० हमाल लागत, असें बर्निये लिहितो. थंडी-वारा, ऊन-पाऊस यांपैकीं कशाचाहि विचार करण्याचें कारण उरूं नये, म्हणून घरच उचलून बरोबर न्यावयाचें, ही ती रीत. पण भिंबरपाशीं डोंगर सुरू झाले आणि ही रीत अडली. त्या वाटेवर उंट चालेनात. काश्मीर लहान, तेथें एवढ्या लवाजम्यास अन्न पुरणार नाहीं म्हणून बहुतेक सैन्य खालींच ठेवावें लागलें. आणि जें वर न्यावयाचें तें माणसांच्या पाठीवर गेलें. भिंबर येथें सुमारें १५,००० हमाल गोळा झाले होते. एकट्या बादशहाच्या सामानास ६,००० लागतील, सर्व मिळून ३०,००० लागतील, असा बोलबाला बर्नियेनें ऐकला. त्यांची मजुरी वजनावर ठरविली होती. त्या तीस हजारांच्या पाठीवरच्या ओझ्यांची यादी त्यानें दिली आहे. त्यांच्या स्वतःच्या अंगावर काय पांघरूण होतें तें मात्र त्यानेंहि लिहिलेलें नाहीं.

पुढें पीर पंजालच्या चढणीवर जो अपघात झाला तो प्रसिद्ध आहे. जनानखान्यांतील स्त्रिया अंबाऱ्यांत बसलेल्या. अरुंद, उभी वाट. रांगेच्या अग्रभागीं चालणारा हत्ती चढण पाहून बिचकला व मागें सरला. त्यानें दुसऱ्यास रेटलें, दुसऱ्यानें तिसऱ्यास. असे १५ हत्ती दरींत गेले. जागा फार खोल नव्हती म्हणून तीन-चार स्त्रियाच प्राणास मुकल्या. हत्ती मात्र एकहि वांचवितां आला नाहीं. दोन दिवसांनीं बर्निये त्या वाटेनें गेला तेव्हां कांहीं हत्तींच्या सोंडा अजून हालत होत्या. खिंडीच्या माथ्यावर त्याला एका तासांत दोन ऋतु भेटले. चढतांना ऊन भाजत होतें आणि माथ्यावर बर्फ कापून वाट केलेली, गारांचा मारा, आणि अंगांत शिरणारा वारा. बरोबरची हिंदुस्थानी मंडळी, जिच्यापैकीं बहुतेकांनीं जन्मांत बर्फ पाहिलें नव्हतें, थरथर कांपत होती. साठ हत्तींवर घर लादून नेणाऱ्या त्या लवाजम्यांत सामान्य माणसाच्या पाठीपुरतें पांघरूण कोणाच्या यादींत आलें नव्हतें.

उष्ण गांवांत बांधलेल्या पडशीची ही पहिली गोष्ट. तिच्यांत बळी थोडे गेले, आणि मूळचा हेतु सफळ झाला; बादशहा बरा होऊन परतला. पुढें १६८२ सालीं तो पुन्हा आमच्या या नगरांत आला तो उत्तरेस परत गेलाच नाहीं. शेवटचीं पंचवीस वर्षें त्यानें बहुतांशीं छावण्यांतच काढलीं, आणि १७०७ सालीं तो येथून जवळच खुलदाबादेस पुरला गेला. त्याच्या कबरीवर छप्पर नाहीं. दोन पेशखाने बाळगणाऱ्या माणसाच्या कबरीपाशीं उभें राहिलें म्हणजे सामानाविषयीं मनुष्य कांहीं वेळ तरी गंभीर होतो.

दुसरी गोष्ट मात्र अशी हलक्या मनानें सांगतां येत नाहीं. कारण ती आपल्या घरची आहे. आमच्या नगराच्या पूर्वेस, आज जालना जिल्ह्यांत असलेलें परतूर हें गांव १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यांत होतें. जुन्या कागदांत त्याचें नांव पडदूर. १७६० च्या फेब्रुवारींत उदगीर येथें निजामाचा पराभव करून मराठी फौज येथें येऊन उतरली होती. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता दक्षिणेंत आली. उत्तरेच्या मोहिमेवर कोणीं जावें याचा खल झाला. आणि १४ मार्च १७६० रोजीं सदाशिवरावभाऊ व विश्वासराव पडदूराहून निघाले. बरोबर भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. अनेक सरदारांचीं कुटुंबें होतीं. आणि फौजेच्या आश्रयानें मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी अशा यात्रा घडतील म्हणून निघालेलीं यात्रेकरू माणसें होतीं. अठरा वर्षांचे नाना फडणीस आपल्या मातोश्री रखमाबाई व पत्नी यशोदाबाई यांस घेऊन त्याच हेतूनें निघाले होते. या बिनलढाऊ माणसांची संख्या लढणाऱ्यांहून अधिक होती, असें बहुतेक इतिहासकार मानतात.

आतां वाचकांनीं पडदूरचा मार्च महिना क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. फाल्गुन सरत आलेला. पळस फुलून गेलेले. दुपारीं धुळीचे लोट. अशा दिवसांत एखादी गृहिणी उत्तरेकडे निघण्यासाठीं गांठोडें बांधीत आहे. ती काय घेईल? तीर्थांत नेसावयाचें लुगडें, पूजेचीं भांडीं, तीर्थोदक आणण्यासाठीं तांब्याची लोटी, वाटेवरच्या दशम्या, सातूचें पीठ, गूळ. फार तर पावसासाठीं एक घोंगडी. पौषांतल्या थंडीचा विचार तिच्या मनांत कशाला येईल? पौष यावयाच्या आंत आपण घरीं परत येणार, अशी सर्वांची समजूत असली पाहिजे. कारण कोणीहि माणूस यात्रेस निघतांना उशीर होईल असें गृहीत धरून निघत नाहीं. पडदूरापासून पाणिपत सरळ रेषेंतहि अकराशें किलोमीटर दूर आहे. तेथें जानेवारींत रात्रीं पारा पांच-सहा अंशांपर्यंत, कधीं त्याहूनहि खालीं जातो. हे आंकडे आज शाळेंतील मुलासहि मिळतात. त्या गृहिणीस ते कोण सांगणार होतें?

सांगणारें कोणी नव्हतें असेंहि नाहीं. उत्तरेंत पोंचल्यावर सुरजमल जाट आणि मल्हारराव होळकर या दोघांनीं, ज्यांस तो मुलूख व त्याची हवा ठाऊक होती, भाऊसाहेबांस सल्ला दिला कीं बायकामुलें, जड सामान व जड तोफा मागें ग्वाल्हेर-झांशीकडे अगर जाटांच्या किल्ल्यांत ठेवाव्या आणि हलक्या फौजेनें शत्रूस हैराण करावें. बखरींत ही हकीकत आहे. अब्दालीच्या बाजूस शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या व लढाई प्रत्यक्ष पाहिलेल्या काशीराज पंडितानेंहि ती नमूद केली आहे. म्हणजे वस्तुतः हा वाद सामानाचा होता: काय बरोबर न्यावें आणि काय मागें ठेवावें. भाऊसाहेबांनीं तो सल्ला मानला नाहीं. त्यांस दोष देणें आज सोपें आहे. पण मागें ठेवलेल्या कुटुंबांच्या रक्षणास फौज तोडून ठेवावी लागली असती. आणि ‘तुम्ही येथेंच राहा’ असें आपल्या माणसांस सांगणें किती कठीण असतें, हें ज्यानें आपल्या घरांतली एक पेटी कमी करण्याचा प्रयत्न केला आहे त्यास ठाऊक आहे.

पावसाळ्यांत यमुना फुगली व मोहीम लांबली. ऑगस्टांत दिल्ली हातीं आली, पण पैसा नव्हता. दिवाण-इ-खासचें रुपेरी छत काढून त्याचीं नाणीं पाडावीं लागलीं, तोहि पैसा फार दिवस पुरला नाहीं. जेथें दाणावैरणीस पैसा नाहीं तेथें हजारों माणसांच्या पांघरुणांस कोठून येणार? १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. कुरुक्षेत्र आतां थोड्या मजलांवर राहिलें होतें. परंतु अब्दाली यमुना उतरून मागें आल्याची बातमी आली, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं फौज पाणिपतास खंदक खणून बसली. यात्रा राहिली. त्यानंतर अडीच महिने ती सारी माणसें एका गांवाच्या परिघांत कोंडलेलीं होतीं. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले व रसदेची उरलेली आशा गेली. अन्न संपत आलें आणि थंडी वाढत गेली. समोरची अफगाण फौज थंड मुलखांतून आलेली, कातडी व लोंकरी कपड्यांची संवय असलेली. इकडे दक्षिणेंतल्या सुती अंगरख्यांत पौष काढणारीं माणसें व जनावरें. उपाशी शरीराला थंडी दुप्पट लागते, हें सांगावयास वैद्य नको. १३ जानेवारीच्या रात्रीं शिपाई व सरदार भाऊसाहेबांकडे जाऊन म्हणाले कीं उपासानें मरण्यापेक्षां लढून मरूं.

दुसरे दिवशीं लढाई झाली. पडदूर सोडल्यास त्या दिवशीं बरोबर दहा महिने झाले होते. पराभवाचीं कारणें अनेक आहेत आणि त्यांवर अनेक ग्रंथ झाले आहेत; सर्व खापर थंडीवर किंवा गांठोड्यांवर फोडण्याचा पोरकटपणा आम्ही करीत नाहीं. पण एवढें खरें कीं त्या दिवशीं सैन्याची रचनाच बायकामुलांस मध्यें घेऊन, चोहोंकडून संभाळीत चालावयाची अशी करावी लागली होती. संध्याकाळपर्यंत ती रचना मोडली आणि मधलीं माणसें उघडीं पडलीं. नाना फडणिसांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं पळतांना रामाजी अनंतांच्या सांगण्यावरून आपण घोडा सोडला व अंगावरचे कपडेहि टाकून दिले. कारण चांगला कपडा पाहून लुटारू जीव घेत. पौषाच्या त्या रात्रीं लंगोटीवर, अनवाणी, उपाशी असा तो तरुण मुलगा चालत होता. यशोदाबाई पुढें सुखरूप सांपडल्या. मातोश्री सांपडल्या नाहींत. ज्या प्रवासासाठीं इतकें सामान बांधलें होतें, त्याच्या शेवटीं अंगावरचें वस्त्र हेंच सर्वांत घातक ओझें ठरलें.

या काळोख्या कथेंत एक उजेडाची जागा आहे. जीं माणसें वांचून दक्षिणेकडे पळत आलीं त्यांस सुरजमल जाटानें आपल्या मुलखांत आश्रय दिला. अन्न दिलें, कपडे दिले, पांघरुणें दिलीं, वाटखर्च दिला. पार्वतीबाईहि याच वाटेनें परत आल्या. ज्याचा सल्ला मानला गेला नाहीं त्यानेंच थंडींत कुडकुडणाऱ्यांस पांघरूण घातलें, आणि ‘मीं सांगितलें होतें’ असें म्हणून नव्हे. आमच्या इतिहासांत सुरजमलाच्या तलवारीची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या पांघरुणांची व्हावी तितकी होत नाहीं.

सल्ला देणाऱ्यांतले दुसरे मल्हारराव. त्यांची विधवा सून अहिल्याबाई त्या वेळीं पस्तिशींत होती. पुढें १७६७ पासून १७९५ पर्यंत तिनें जें राज्य केलें त्यांतला धर्मादाय भाग वाचकांस परिचित आहे. आमच्या नगराजवळचें वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ तिच्याच जीर्णोद्धाराचें फळ आहे. तिच्या धर्मादायांच्या यादींत बदरीनाथ-केदारनाथाच्या वाटेवरच्या धर्मशाळा, कुंडें, देवप्रयागचें गरम पाण्याचें कुंड, गाईंसाठीं कुरण हीं कामें आहेत. पाणिपताच्या अनुभवावरून तिनें हें केलें, असें म्हणावयास आमच्याजवळ कागद नाहीं, व आम्ही तसें म्हणत नाहीं. पण ओझ्याच्या प्रश्नाला तिनें दिलेलें उत्तर इतर सर्वांहून निराळें आहे, एवढें दिसतें. बादशहानें ऊब दुसऱ्यांच्या पाठीवर लादून नेली. पडदूरच्या यात्रेकरूंनीं ती नेलीच नाहीं. अहिल्याबाईनें ती वाटेवर नेऊन ठेवली. अशासाठीं कीं जो उष्ण गांवांतून अज्ञानानें निघेल, ज्याच्या गांठोड्यांत नको तें भरलेलें असेल, त्यालाहि मुक्कामाला भिंत, छप्पर आणि ऊन पाणी मिळावें. धनगराच्या घरांत जन्मलेल्या त्या स्त्रीस एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असली पाहिजे: रानांत रात्र काढावयाची तर अंगावर घोंगडी पाहिजे आणि जवळपास वाडगें पाहिजे.

घोंगडीचा उल्लेख आला, तेव्हां मातुःश्रींनीं सामानावर ठेवलेल्या घोंगडीची हकीकत आतां सांगावयास हरकत नाहीं.

सात वर्षांपूर्वीं आम्ही तुंगनाथास गेलों होतों. तो प्रवासहि याच घरीं, याच उकाड्यांत बांधला होता. वडिलांचें वय तेव्हां बहात्तर. त्यांनीं ही घोंगडी काढून दिली व म्हणाले, ‘‘एवढी तेवढी बांधा, बाकीचें तुम्ही पाहा.’’ घोंगडी जड. तिला वास येतो. ती एकटीच अर्धी पेटी खाते. आम्हीं ती काढून ठेवली व तिच्या जागीं घरांतली जुनी हिमरूची शाल घातली. आमच्या भाचीनें तेव्हां विचारलें होतें कीं हिमरू म्हणजे हिमांत घालावयाचें का? आम्हीं हंसून तिला सांगितलें कीं या शब्दाचा हिमाशीं कांहीं संबंध नाहीं. किनखापासारखें दिसणारें म्हणून फारसींत जें नांव पडलें त्याचा हा अपभ्रंश, असें म्हणतात. तें रेशमाचें व सुताचें वस्त्र, मिरविण्यासाठीं. व्युत्पत्ति आम्हांस ठाऊक होती. तरी पेटींत शालच घातली.

चोपत्याहून तुंगनाथाची वाट चार किलोमीटरांच्या आंतली, पण देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६८० मीटरांवर आहे. आपलें नगर सुमारें ५७० मीटरांवर. दुपारीं वाटेंत गारा पडूं लागल्या. शाल पांच मिनिटांत भिजली व भिजलेल्या रेशमानें थंडी अधिकच धरली. वडिलांचे ओंठ निळे पडले. बोलणें अडखळूं लागलें. वाटेवर एका चहाच्या टपरीवाल्यानें त्यांस आंत घेतलें, ओले कपडे काढविले, चुलीजवळ निजवून स्वतःची रजई घातली, आणि तास-दीड तास गरम पाणी पाजीत बसला. पैसे त्यानें चहाचे तेवढे घेतले. वडील बरे झाले. पुढें चार वर्षें जगले, आणि गेले ते दुसऱ्याच दुखण्यानें. घोंगडीविषयीं ते आम्हांस एकहि शब्द बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें, असें आम्हांस अजून वाटतें.

तेव्हांपासून आम्ही एक नियम केला आहे आणि तो वाचकांपुढें ठेवतों. थंड मुलखाची यादी स्वतःच्या अंगास विचारून करूं नये. अंग जेथें बसलें आहे तेथलेंच तें सांगतें. जो त्या मुलखांत राहिला आहे त्यास विचारावें, आणि घरांत जो सर्वांत अधिक काळ जगला आहे त्याचें ऐकावें. सुरजमल व मल्हारराव प्रत्येक घरांत असतात. फक्त त्यांचें बोलणें आपल्याला जड वाटतें, कारण तें खरोखरच वजनानें जड असतें.

यंदा या नियमाप्रमाणें पेट्या पुन्हा उघडल्या. चिवड्याचे दोन डबे बाहेर आले. प्रत्येकाच्या सामानांत कोरडे पायमोजे तीन जोड, कानटोपी, लोंकरीचा एक जाड सदरा व पावसाचा झगा, हे मेणकापडाच्या पिशवींत वेगळे बांधून गेले. पाठीवर घेऊन चढतां येईल एवढेंच प्रत्येकानें घ्यावें असें ठरलें. गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटर आहे, आणि तेथेंहि कंडींत माणसें व सामान पाठीवर वाहून नेणारे लोक आहेत. भिंबरच्या त्या तीस हजारांचेच ते भाऊबंद. त्यांच्या पाठीवर आमचे लाडू चढविण्याचें कारण नव्हतें.

शेवटीं घोंगडी उरली. मेहुण्यांनीं विचारलें, ‘‘ही कोणाच्या नांवावर लिहावयाची?’’ मातुःश्री म्हणाल्या, ‘‘ती टपरीवाल्याच्या. टपरी तेथें असली तर त्याला देऊं, नसली तर वाटेवर ज्याला लागेल त्याला. परत आणावयाची नाहीं.’’

यादींत तसें लिहिलें, आणि पेटीस कुलूप घातलें.